शॉवरखाली उभं राहून ओलं व्हायचं होतं: प्रेशर पंपाचा सात महिन्यांचा अनुभव

पुण्यात राहणाऱ्याला एक वाक्य तोंडपाठ असतं. "गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद राहील, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल." आमच्या घरात गेली अडीच वर्षं रोजच शुक्रवार होता.

आमची सोसायटी कोथरूडमधली, १९८६ सालची. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे अगदी वर, डोक्यावर गच्ची आणि गच्चीवर सिमेंटची टाकी. पाहुणे म्हणायचे, "तुमचं बरं आहे, टाकी उशाशीच." मीही तसंच समजत होते. पण सकाळी सात ते साडेआठ या वेळात नळातून करंगळीएवढी धार यायची. वॉशिंग मशीन पाणी घेता घेता कंटाळून शिट्टी मारायचं आणि स्क्रीनवर काहीतरी अक्षरं दाखवून बंद पडायचं. शॉवरची तर बातच सोडा. मुलाने हौसेने दहा इंची मोठ्ठा पावसाळी शॉवर बसवून घेतला होता, त्याच्या कडेच्या आठ-दहा भोकांतून थेंब गळायचे. अंगाला साबण लावलेला असताना खाली कुणी नळ सोडला की तेही बंद. मग टॉवेल गुंडाळून "अहो, बादली!" अशी हाक.

अडीच वर्षं मी याचं खापर महापालिकेवर फोडलं. आता लाज वाटते, कारण मी शाळेच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं सहायक होते आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. पालिकेचं पाणी आमच्याकडे येतं ते जमिनीतल्या टाकीत. तिथून सोसायटीची मोटार ते गच्चीवर चढवते. घरातल्या नळाला जो दाब मिळतो तो गच्चीवरच्या टाकीचा. तिच्यात पाणी आहे तोवर पालिकेने सोमवारी सोडलं काय नि शुक्रवारी सोडलं काय, माझ्या शॉवरला त्याचं सोयरसुतक नाही. बंगलेवाल्यांचं वेगळं; ज्यांचे नळ थेट पालिकेच्या लाइनवर आहेत त्यांना तो शुक्रवार खरोखर भोवतो. आमच्या एका नातेवाइकांनी त्यावर उपाय म्हणून थेट लाइनलाच मोटार लावली आहे आणि आम्हालाही तोच सल्ला दिला. ते बेकायदा तर आहेच, शिवाय शेजाऱ्याच्या तोंडचं पाणी ओढणं आहे, आणि वाटेत पाइपाला कुठे चीर असेल तर आजूबाजूचं गटारही आत ओढलं जातं. चहा पिऊन आम्ही परत आलो.

तर पंपाकडे येते. जानेवारीत मोबाइलवरून बुकिंग घेणाऱ्या एका कंपनीचा माणूस बोलावला. नाव लिहीत नाही. टी-शर्ट छान होता. न्हाणीघरातला एक नळ सोडला, बंद केला, घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, टॉप फ्लोअर आहे, प्रेशर पंपशिवाय पर्याय नाही." सगळं मिळून सात मिनिटं. टाकी पाहायला गच्चीवर गेला नाही. आमच्या ह्यांना कुठलंही यंत्र घरात यायचं म्हटलं की वयाची साठी विसरायला होते. दुसऱ्या दिवशी पंप दारात.

पंप अर्ध्या हॉर्सपॉवरचा. डोक्यावर नारळाएवढी लाल टाकी, बाजूला प्रेशर स्विच. नळ सोडला की लाइनमधला दाब पडतो, स्विच पंप सुरू करतो. नळ बंद केला की दाब चढतो आणि पंप आपोआप थांबतो. बारा हजार चारशे पंपाचे, अठराशे बसवायचे. त्या संध्याकाळी पहिली दोन मिनिटं शॉवर असा काही कोसळला की ह्यांनी मला न्हाणीघराच्या दारातून हाक मारून दाखवला. तिसऱ्या मिनिटाला पंपातून खडी भरलेला पत्र्याचा डबा हलवावा तसा आवाज सुरू झाला आणि पाणी उचक्या देत यायला लागलं. फुस्स, मग धार, मग परत फुस्स.

रात्री आणखी गंमत. कमोडच्या फ्लशची टाकी बारीक गळत होती, ते आम्हाला ठाऊकही नव्हतं. तेवढ्या गळतीनेही लाइनमधला दाब हळूहळू पडायचा आणि दर दहा-बारा मिनिटांनी पंप घुर्रर्र करून जागा व्हायचा. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, झोप मांजरीची. पहाटे तीनला त्यांनी मला उठवलं, "खाली कोण गं रिक्षा सुरू करतंय सारखं?" पुढचे चार महिने आम्ही झोपताना पंपाचं बटण बंद करत होतो आणि सकाळी उठून चालू करायचं विसरत होतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आठवड्याभरात वर आल्या. आमचा पंप लागला की त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ खोकायचा आणि बंद पडायचा. हे मी स्वतः त्यांच्याकडे उभी राहून पाहिलं, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. एकाच उभ्या पाइपावर चार घरं असली की असंच होणार. सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: "सभासदांनी परवानगीशिवाय खासगी पंप लावू नयेत." नाव घातलं नव्हतं, पण 'सभासदांनी'च्या खाली दोन रेघा होत्या. कंपनीला फोन केला तर उत्तर, पंप चालू आहे ना, मग तक्रार बसत नाही.

कंपनीला एक तारा. तोही टी-शर्टासाठी.

मेमध्ये सासूबाई वैतागून म्हणाल्या, "अगं, कात्रजच्या तलावातलं पाणी शनिवारवाड्यापर्यंत नुसत्या उताराने यायचं, तेव्हा कुठली आली होती वीज? पानशेत फुटलं तेव्हा नळ बंद पडले, तर पेठेतल्या लोकांनी त्याच पाण्याच्या हौदांवरून पाणी भरलं. आणि तुम्हाला गच्चीवरनं खाली उतरवता येईना?" बारा जुलै १९६१ च्या पुराची गोष्ट आमच्याकडे दर उन्हाळ्यात निघते आणि आम्ही ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडतो. या वेळी मात्र मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'म्हातारा, पण नळाचं खरंच कळणारा' मिस्त्री आहे का, असं विचारलं.

हा लेख खरं तर त्या मिस्त्रींसाठी आहे. मथळ्यात पंपाचं नाव घातलं ते तुम्ही शोधत शोधत इथे यावं म्हणून.

मिस्त्री दोन दिवस उशिरा आले. पासष्टीचे असतील, गळ्यात ओला पंचा, खांद्यावर गोणपाटाची पिशवी, तिच्यातून पाइपपान्याचं तोंड बाहेर. पंपाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दारातच पहिला प्रश्न, "एक नळ का सगळे?"

मी म्हटलं, सगळेच की.

"सगळे म्हंजी? मोजलं का?"

नव्हतं मोजलं. प्रयोगशाळेत मुलांना तीनदा वाचन घ्यायला लावणारी बाई मी. मग त्यांनी बादली मागितली, मी स्टॉपवॉच काढलं. पंधरा लिटरची बादली, न्हाणीघरातला खालचा नळ, पंप बंद, सकाळचे साडेसात: चार मिनिटं दहा सेकंद. तोच नळ दुपारी दोनला: दोन मिनिटं चाळीस. स्वयंपाकघरातला नळ त्याहून वाईट, पण त्याची तोंडाची जाळी फिरवून काढली तर आत वाळू, पांढरे खडे आणि टेफ्लॉनच्या टेपचा एक लगदा निघाला. जाळी काढल्याबरोबर धार दुप्पट. "ह्याला पंप लावणार होता," असं ते म्हणाले नाहीत, पण पाहिलं तसं. पांढरे खडे म्हणजे चुना. व्हिनेगरमध्ये टाकल्यावर फसफसले, तेव्हा मला जुन्या दिवसांचा फार आनंद झाला. रात्रभर भिजवून जाळी परत बसवली.

मग, "गरम का गार?" दोन्ही कमी येतं म्हटल्यावर गिझरला त्यांनी सूट दिली. नुसतं गरमच कमी असतं तर गिझरच्या तोंडाचा अँगल कॉक, त्याच्या मागची लवचीक नळी किंवा आत साचलेला क्षार पाहिला असता, असं म्हणाले. आणि सकाळ-दुपारचा एवढा फरक म्हणजे आजार घरात कमी आणि वर जास्त.

गच्चीवर माझ्या आयुष्यात मी पापड वाळत घालायला गेले असेन, टाकीच्या मागच्या बाजूला कधीच नाही. तिथे टाकीच्या पोटातून एक दीड इंची पाइप निघतो, त्यावर एक गोल चाकाचा वॉल्व्ह, आणि पुढे तो भिंतीवरून खाली. मिस्त्रींनी चाक फिरवलं. एक फेरा, दोन, तीन, सात, आठ. कुठे अडेना. "चावी फिरतीय, आतलं दार न्हाई हलत." गेट वॉल्व्हच्या आत एक पितळी पट्टी दांड्याला अडकवलेली असते, चाक फिरवलं की ती वर-खाली होते. आमची पट्टी दांड्यापासून सुटून वाटेतच पडली होती. बाहेरून वॉल्व्ह पुरता उघडा, आतून तीन चतुर्थांश बंद. म्हणजे सोळा खोल्यांच्या इमारतीला पाणी पट्टीच्या खालच्या एका चंद्रकोरीएवढ्या फटीतून जात होतं.

ते सांगून होईस्तोवर त्यांची नजर त्याच पाइपावरून वर गेली. वॉल्व्हच्या पुढे एक बारीक पाइप निघून टाकीच्या उंचीच्या वर जातो, तोंड उघडं. हा हवेचा पाइप. त्याच्या तोंडाला कुणीतरी दुधाची रिकामी पिशवी बांधून वर सुतळीचे चार वेढे मारले होते. कबुतरं घाण करतात म्हणून. हे काम कुणाचं ते सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती व्यक्ती हे वाचणार आहे, म्हणून थांबते.

हे पाहिल्यावर मात्र माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पिपेट! प्रयोगशाळेतली ही काचेची बारीक नळी भरून वरचं तोंड बोटाने दाबलं की खालून थेंब पडत नाही. आमच्या पाइपाचं तेच झालं होतं. वरून फटीतून येणारं पाणी कमी, खालच्या मजल्यांवर सकाळी एकदम तीन-तीन नळ चालू, पाइपातलं पाणी खाली ओढलं जाणार, त्याच्या जागी यायला हवा नाही. मग ती हवा कुठून घेणार? सगळ्यात वरच्या घराच्या नळातून. आमचा शॉवर सकाळी पाणी द्यायच्या ऐवजी हवा पीत होता. तळमजल्याला कधी काही त्रास झाला नाही, याचंही उत्तर तेच. आणि पंप खडखडत होता, कारण त्याला ओढायला पाणीच पोचत नव्हतं; उपाशी पंप असाच वाजतो.

सोसायटीची सभा झाली. वॉल्व्हचा खर्च सोसायटीने द्यायचा की 'ज्यांना त्रास त्यांनी' यावर चाळीस मिनिटं. शेवटी सोसायटीने दिला. रविवारी टाकी रिकामी केली, तळाशी बोटभर गाळ होता तो धुतला, दार-पट्टीची भानगडच नको म्हणून बॉल वॉल्व्ह बसवला. त्याचा दांडा पाइपाच्या रेषेत असला की उघडा, पाइपाला आडवा असला की बंद, लांबूनही दिसतं. हवेच्या पाइपाला उलटा वाकवलेला तुकडा आणि त्यावर जाळी. सोमवारी सकाळी साडेसातला तीच बादली: दोन मिनिटं पाच सेकंद.

मी पेढे वाटायच्या बेतात होते. मिस्त्री म्हणाले, अजून घरातलं राहिलंय.

इमारतीच्या वेळचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप आमच्या न्हाणीघराच्या भिंतीत तसाच होता. टाइल्स दोनदा बदलल्या, पाइप नाही. टाइल दिसते, पाइप दिसत नाही. त्यांनी गिझरच्या वरचा कोपरा कापून काढला आणि माझ्या हातात दिला. बाहेरून ठीकठाक. आत भिंतींना गेरूच्या रंगाचे फोड आलेले, एकावर एक, वारुळासारखे, मधे एक वेडंवाकडं भोक. मी पेन्सिल घालून पाहिली, गेली नाही. रिफिल गेली. नखाने खरवडलं तर वरचा थर काळा, ओला, आणि वास तव्यासारखा. अर्धा इंची पाइपाचं भोक निम्मं झालं की पाणी निम्मं होत नाही, साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येतं. आमचं तर निम्मंही उरलं नव्हतं.

सामान आणायला मी स्वतः रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. इथे त्या दुकानाला पूर्ण पाच तारे, कारण त्या शेठनी माझी यादी वाचून दोन वस्तू कमी केल्या. "ताई, एवढे एल्बो कशाला? जितके कोपरे कमी तितकं पाणी बरं." मी सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिकचा पाइप एक इंची घेतला, न्हाणीघरापर्यंत एक इंच आणि फक्त नळापाशी अर्धा. भाव सांगितला तोच बिलात. पार्किंगला मात्र जागा नाही, बसने जा.

भिंत फोडणं, पाइप, मजुरी धरून साडेसहा हजार आणि चार दिवसांची धूळ. बादली: एक मिनिट दहा सेकंद. सकाळी साडेसातला. चार मिनिटं दहावरून.

आणि तरीही शॉवर मरतुकडाच. आता थेंब नव्हते, पण पाऊसही नव्हता. श्रावणातली झिमझिम म्हणा. यावर मिस्त्री हसले आणि म्हणाले, "आता न्हाई माझ्या हातात." टेप घेऊन मी गच्ची ते न्हाणीघर मोजलं. टाकीचा तळ आणि शॉवरचं तोंड यांत अंतर दोन मीटर चाळीस सेंटिमीटर. टाकी काठोकाठ भरली तर साडेतीन मीटर. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ म्हणजे साधारण एक बार दाब. आमच्या वाट्याला पाव ते एक तृतीयांश. तळमजल्याला आमच्यापेक्षा नऊ मीटर जास्त, त्यांना एक बारच्या वर. माळ्यावरून दहा इंची शॉवरचं खोकं काढलं. मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं, किमान दाब एक बार. टाकी उशाशी आहे म्हणून आमचं बरं नव्हतं. उशाशी आहे म्हणूनच वाईट होतं.

तेव्हा पंपाला शेवटी काम मिळालं. मिस्त्रींनी तो मुख्य लाइनवरून काढून फक्त शॉवरच्या फाट्यावर बसवला, खाली रबराचा तुकडा घातला, आणि बाजूने एक वळसा-पाइप देऊन त्यात उलट पाणी न जाऊ देणारा वॉल्व्ह टाकला, म्हणजे वीज गेली तरी पाणी आपल्या वजनाने येत राहील. त्या टी-शर्टवाल्याने हा वळसा दिलाच नव्हता. वीज गेली की पंप आमच्या वाटेत बुचासारखा बसायचा. फ्लशच्या टाकीचा वॉशर एकशे ऐंशी रुपयांत बदलला. आता पंप दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं चालतो, आवाज मिक्सरपेक्षा कमी, रात्री गप्प. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना मी मुद्दाम दोनदा विचारलं, काही नाही म्हणाल्या. परवानगीचा अर्जही दिला आहे.

पंपाला तीन तारे. यंत्र म्हणून त्यात खोट नाही, सात महिन्यांत दुरुस्ती शून्य. पण चौदा हजार दोनशे रुपये शेवटी एका दहा इंची शॉवरसाठी गेले. साडेचारशेचा लहान तोंडाचा साधा शॉवर लावला असता तर पंपाशिवाय छान आंघोळ झाली असती, हे मी जुना शॉवर लावून आठवडाभर पडताळून पाहिलं. ह्यांचं मत वेगळं आहे. ते रोज पंधरा मिनिटं आत असतात.

मिस्त्रींना साडेचार. अर्धा कापला कारण उशिरा येतात, सिमेंटचे गोळे पुसत नाहीत आणि 'उद्या' या शब्दाचा त्यांचा अर्थ पंचांगात सापडत नाही. मोबाइल आहे पण उचलत नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानात निरोप ठेवावा लागतो. एक ते चार झोपतात. आणि निरोप ठेवायच्या आधी बादली मोजून, एक नळ की सगळे, गरम की गार, सकाळी की दिवसभर, हे कागदावर लिहून ठेवा, कारण दारात उभं राहून ते हेच विचारतात आणि उत्तर नसलं की पिशवी खाली ठेवत नाहीत.